दुपारी दोन ते रात्री आठ

नाल्डवाइकमध्ये रात्र काळी नसते.
काचघरांच्या दिव्यांनी आभाळ जर्दाळूसारखं पिकतं,
पडदे ओढले तरी फटींतून सांडतं.
चाळीस वर्षं लेंडर्ट तिथं टोमॅटोंना उजेड वाढत होता,
मोजून, पाहुण्याला भात वाढावा तसा,
आणि घरी आल्यावर बूटही न काढता
या चार फुटी काचेच्या पेटीसमोर बसायचा.

पेटीत मासे नावाला. सात.
खरा संसार झाडांचा:
मागे रोटाला, मध्ये लाल लुडविजिया,
सावलीत अनुबियास, महिन्याला एकच पान काढणारी,
कुणी घाई केली तरी एकच.
भिंतीवर चौकट: प्रांतात तिसरं, एकोणीसशे नव्व्याण्णव.
परीक्षकाने पहिलं का दिलं नाही
हे मी वीस वर्षं जेवताना ऐकलं.

तो नोव्हेंबरात गेला.
मी टायमर उपटून काढला.
वाटलं, यांना तरी अंधारात कशाला ठेवायचं,
घर आधीच एवढं गप्प.
नवा दिवा आणला, दुप्पट तेजाचा.
सकाळी सहाला लावायचा, रात्री दहाला मालवायचा.
दुकानदार म्हणाला, लाल झाडं पेटून उठतील.

पेटलीच.
लुडविजियाचे शेंडे, बीट कापल्यावर बोटांना लागतं
तसे लाल.
पानांखालून बारीक बुडबुडे सुटायचे, एकामागे एक,
एका रात्री मी दोनशे अकरापर्यंत मोजले
आणि मग फोन वाजला.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवी धूळ.
पाचव्यात अनुबियासच्या कडांना काळे केस,
मेलेल्या माणसाची दाढी वाढते म्हणतात, तशी.
मी टूथब्रशने घासले.
टूथब्रश त्याचाच होता.
दोन दिवसांनी केस पुन्हा तिथंच.

वरच्या मजल्यावर यागोडा राहते, पोलंडची,
ती टोमॅटोच्या वेली उतरवायला जाते.
परत द्यायची बरणी घेऊन आली
आणि पेटीपाशीच थांबली.
कामाच्या पिशवीतून उजेड मोजायचं यंत्र काढलं,
पाण्यावर धरलं, आकडा पाहून भुवई वर.
मग वाकून कपाटातली वायूची बाटली हलवली.
रिकामी.
कधीपासून? मला ठाऊक होतं कधीपासून.

मी म्हटलं, मी त्यांना उपाशी तर ठेवलं नाही.
ती म्हणाली, उजेड म्हणजे जेवण नव्हे,
उजेड म्हणजे भूक.
तुम्ही भूक लावलीत, सोळा तास,
आणि ताट रिकामं.
झाड हात आखडून बसतं मग.
शेवाळाचं तसं नसतं, ते कशावरही जगतं.

ती गेल्यावर मी बराच वेळ बरणी धुतली.

दिवा निम्म्यावर आणला.
टायमर सापडला सुतळ्यांच्या खणात,
त्यावर त्याच्या पेन्सिलीच्या दोन खुणा,
दुपारी दोन, रात्री आठ.
सगळं लगेच ठीक झालं नाही.
क्रिप्टोकोरिन एका आठवड्यात विरघळली,
पानं जेलीसारखी हातात आली, मी रडले,
पण मुळं उपटू नका असं यागोडा जिन्यातून ओरडली होती.
रोटालाने मान लांब केली,
दोन पानांमध्ये बोटभर अंतर,
लाली उतरून साधी हिरवी, गरिबाघरची.
बक्षीस आता तिसरंही मिळणार नाही.

काळे केस मात्र करडे झाले, मग गुलाबी,
मग गोगलगाईंनी नेले.
मार्चमध्ये क्रिप्टोकोरिनच्या जागी
नखाएवढं काहीतरी तपकिरी, गुंडाळलेलं.

काल पावणेआठला चहा घेऊन बसले होते.
दिवा अजून चालू, पूर्ण चालू,
आणि कोपऱ्यातल्या लिम्नोफिलाने
एकेक शेंडा मिटायला सुरुवात केली,
बोटं जुळवावीत तसा.
त्यांना वेळ माहीत होती.
तेव्हाही मिटत असत, त्या सोळा तासांच्या दिवसांत,
भगभगीत उजेडात, संध्याकाळीच,
आणि मला वाटायचं, आजारी आहेत,
म्हणून मी दिवा आणखी खाली आणायची.

आठ. टक् झालं.
बाहेरचं आभाळ जर्दाळूच होतं.
मी उठून जाड पडदा ओढला,
फटीत उशी खोचली.