तर्जनी

सिस्टर ज्युलियाना आली तेव्हा भाता चालू होता.
पोत्यात गुंडाळलेला हात तिनं ऐरणीवर ठेवला.
कोपरापासून पुढं, तांब्याचा,
वरचं सोनं माथे टेकून टेकून पुसलेलं.
दोन बोटं उभी, आशीर्वादाची.
त्यातलं एक परतवाड्याच्या रस्त्यात
खाचर कलंडलं तिथं कुठंतरी राहिलं.

"कोन्या देवाचा हाय?"
"देवाचा नाही, नागदेवभाऊ. संताचा. आत हाड आहे."

मनगटाशी चिंचोक्याएवढी काचेची खिडकी,
आत लाल रेशमावर पिवळट तुकडा,
खाली कागदावर मुंगीच्या पायांची अक्षरं.
बाबांनी भिंग लावलं. भाता थांबला.
"सिस्टर, हे हाताचं नोहे. बरगडीचं हाय."

तिला ठाऊक होतं.
म्हणाली, आत काय आहे ते हा हात सांगत नाही,
आतलं जे करतं ते करून दाखवतो.
बरगडी आशीर्वाद कसा देणार?

बाबा उठले, हात धुतले,
देवघरातून आमचा विशेष घेऊन आले.
रिद्धपूरचा. फडक्याच्या सात घड्यांत
सुपारीएवढा काळा दगड,
स्वामी टेकले त्या ओट्याचा.
"आमच्यातबी तसंच.
दंडवत दगडाले नसते, सिवल्याले असते."
दोघं एकमेकांच्या वस्तूकडं बघत राहिली.
हात मात्र कुणी लावला नाही.

बोट कुणाचं घ्यायचं?
हात तसा मोठ्या माणसाचा नव्हता,
आणि मी नऊ वर्षांची, समोरच राख चाळत बसलेली.
वारुळाच्या ओल्या मातीत तर्जनी दाबली बाबांनी.
"हालू नको वं."
मग मेण, मेणावर माती, मग पितळ.
नखाशेजारचा विळ्याचा वणसुद्धा उतरला.
कानस लावा म्हटलं, तर म्हणाले, राहू दे.

परवा बोरखडीला संत्री घेऊन गेले होते,
त्यांचा सण होता. दाराशी उभी राहिले.
मथुराबाई गायकवाडांनी तापलेली नात
पुढं नेली, तिचं कपाळ
त्या पिवळ्या बोटाला टेकवलं,
बाकीच्या तांबूस बोटांना नाही,
त्यालाच.

सांधे धरलेत माझे. सुईत दोरा जात नाही.
ती तिथं सरळ उभी, नऊ वर्षांची.

मी हात पदराखाली घेतला.