लाइन नंबर आठ

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे,
भांडण नसायचं.
बाबांचे कान मिलमध्ये राहिले होते,
विव्हिंग खात्यात, चार साच्यांच्या मधोमध.
तिथं माणसं एकमेकांचे ओठ वाचत.
शफीक चाचा पलीकडच्या रांगेतून
नुसतं तोंड हलवून विचारायचे, डब्यात काय?
बाबा बोटांनी वांगं काढून दाखवायचे,
देठासकट.

मग मी आणि कुंदाही शिकलो, आवाज न काढता बोलायला.
सोपं नाही ते.
प, ब, म, तिन्हींना ओठ सारखेच मिटतात.
पाय दुखतोय म्हटलं
की बाबा घाबरून आईकडे बघायचे.

बिर्लानगर. क्वार्टरांच्या रांगा,
दर रांगेला एक नळ, दर नळाला एक भांडण.
किल्ला समोर होता, पण आम्हाला त्याचा उपयोग एकच:
ऊन त्याच्यामागे गेलं की पाणी यायचं.
बाबा घरी येताना भुवयांवर कापूस घेऊन यायचे.
कुंदा तो फुंकरीनं उडवायची,
आई म्हणायची, अगं चहात, चहात पडेल.

अश्विनात मुन्ना भदौरिया टेसू घेऊन दारात,
तीन काटक्यांवर मातीचं तोंड, पोटात पणती,
आणि आत पाटावर आमचा खडूचा हत्ती.
एकदा दोन्ही एकाच वेळी आले.
आईनं हत्ती जरा सरकवला, टेसूला जागा केली,
म्हणाली, तूही ओळख खिरापत.
गोड? नाही. तिखट? हो.
मुन्ना डोळे मिटून वास घेत म्हणाला,
पत्ते के पकौड़े.
बायका हसून लोळल्या. अळूवडीच होती ती,
त्यालाच पहिली मिळाली.

लश्करातल्या मामींकडे कपबश्या होत्या.
आम्हाला तिथं ग्लासात चहा.
‘काय गं, तुमची मराठी किती बिघडलीय,’ त्या म्हणायच्या,
आवाज न चढवता.
इतकं हळू बोलणारी माणसं
आम्हाला आजारी वाटायची.

मिल बंद झाली तेव्हा काही कोसळलं नाही.
एके दिवशी तीनचा भोंगा झाला नाही
आणि आईची भाजी करपली,
ती भोंग्यावर भाजी उतरवायची.
बाबांना भोंगा फरशीतून कळायचा, तळपायांना.
किती दिवस ते दुपारी चपला काढून
ओट्यावर पाय टेकून बसलेले असायचे.

नंतर हजिऱ्याला गजकच्या दुकानात तीळ कुटायला लागले.
थंडीचे चार महिने काम, बाकी काही नाही.
एका गिऱ्हाइकानं त्यांची कॉलर धरली,
‘मेरी घरवाली का मुँह क्यों ताक रहा है?’
बाबांनी तेही ओठांवरून वाचलं.
सांगता आलं असतं त्यांना.
पण ते ‘माफ करो’ म्हणाले, नेहमीसारखं जोरात,
आणि तो माणूस आणखी चिडला.
मालकानं मोगरी हातातून काढून घेतली,
पावशेर गजक बांधून दिली. ती आम्ही खाल्ली.
छान होती.

त्याच हिवाळ्यात, शाळेतून येताना,
चौकात मी त्यांना पाहिलं.
रस्त्याच्या या बाजूला बाबा, त्या बाजूला
सायकलचं पंक्चर काढणारे शफीक चाचा.
मधून टेंपो, ट्रक, भोपू, भाजीवाल्यांची बोंब,
आणि ते दोघं निवांत बोलत होते,
साच्यांपलीकडून बोलायचे तसे.
मी पानाच्या ठेल्याआड थांबले.
चाचांच्या ओठांवर दिसलं: कितने?
बाबांनी तीन बोटं वर केली.
मग एक शब्द, जो प-नं सुरू होत होता,
किंवा भ-नं. ओठ मिटले, उघडले,
दात दिसले.

मी ठरवलं: भैंस.
बाबा तीन म्हशींबद्दल बोलतायत.

शुक्रवारी माझी फी भरली गेली.
कुंदाला मी म्हशींचं सांगितलं,
तोंड नीट उघडून, आवाज न काढता.
तिनं विचारलं, आणि बांधायच्या कुठे?