शेवटचा रकाना

फॉर्मच्या तळाशी छापलंय : प्रगतीची शक्यता.
प्राचार्यांना सोमवारपर्यंत उत्तर हवंय,
भरतेश मगदूमची वसतिगृहाची फी
आणखी एक वर्ष माफ करायची की नाही.
छापखान्यानं जागा सोडलीय एका ओळीची.

सहा फूट सात इंच. समडोळीचा.
अकरावीच्या एका उन्हाळ्यात सहा इंच वाढला,
आईनं विजारींना खालून दुसऱ्या रंगाची पट्टी जोडली.
तेरा नंबरचे बूट सांगलीत मिळत नाहीत,
पुण्याहून मागवले, तर दोन्ही डाव्या पायाचे आले.
सगळं कॉलेज हसलं. तोही हसला.
ते मी कुठं नोंदवलं नाही, पण ध्यानात ठेवलं.

वहीत आहे ते असं :
दोन वर्षं, एकोणीस सामने, एकतीस गुण.
फाऊल एक्काहत्तर.
बॉल हातात आला की तो कमरेपाशी आणतो,
भरलेली कळशी असल्यासारखा,
आणि विट्याचा तो साडेपाच फुटी पोरगा
येऊन काढून घेतो, खिशातनं रुमाल काढावा तसा.
"वर! वर धर रं!" मी ओरडतो.
तो माझ्याकडं बघतो. तेवढ्यात बॉल गेलेला असतो.

निंबाळकर सर म्हणतात, उंची शिकवता येत नाही,
बाकी सगळं शिकवता येतं.
पंधरा वर्षं म्हणतायत.
बाकी सगळं शिकवायला मी असतो.

खरं तर माझा अंदाज कुणी विचारू नये.
शीतल उपाध्ये राज्याकडून खेळणार, लिहून घ्या, म्हणालो होतो.
तो पलूसला ठिबकच्या नळ्या विकतो आता.
भेटला की वाकून नमस्कार करतो,
फार वाकावं लागतं त्याला.
आणि गजेंद्र हुल्ले, ज्याला दुसऱ्याच महिन्यात
व्हॉलीबॉलकडं जा म्हणालो,
रेल्वेकडून नऊ वर्षं खेळला.
दिवाळीला फोन करतो. टोमणा मारत नाही. तेच लागतं.

वडील माझे हरिपुरात हळदीच्या पेवांवर कामाला होते.
माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली नुसता खोल अंधार,
हळद ओतायची, माती लिंपायची, गप बसायचं.
व्यापारी विचारायचे, आतनं रंग कसा आलाय?
वडील तंबाखू मळत राहायचे.
पुरानंतर एक उघडलं, तर काळा चिखल.
शेजारचं उघडलं, दोन हातांवरचं, तर पिवळंधमक.
वरची माती दोन्हींची सारखीच होती.
हे प्राचार्यांना कसं सांगू?

म्हणून गुण बघायचं सोडलंय. पाय बघतो.
गेल्या ऑगस्टात वळायच्या आधी तो थांबायचा,
मनात धडा वाचायचा : डावा, मग उजवा, मग खांदा.
अजून वाचतो, पण ओठ हलत नाहीत.
ह्याला सुधारणा म्हणतात का?
परवा मिरजेविरुद्ध पाचवा फाऊल झाला,
बाकावर येऊन त्यानं टॉवेल तोंडावर घेतला नाही.
त्यांच्या उंच पोराचा खांदा कुठल्या बाजूला पडतो,
बोटांवर मोजत बसला.

काल संध्याकाळी कोर्टवरचे दिवे गेले.
बाकीची पोरं भडंग खायला पांगली.
मी सायकलची चेन बसवत होतो.
रस्त्याच्या दिव्यानं भिंतीवर त्याची सावली,
उडी, बोर्डावरनं परत आलेला बॉल,
आणि दोन्ही हात वर. वरच राहिले.
एक. दोन. तीन मोजले मी, ग्रीसचे हात तसेच धरून.
मग मारला. रिंगला लागून कुंपणाकडं गेला.
तो चालत गेला आणायला. धावत नाही, तेही लिहायला हवं.
पुढच्या वेळी परत कमरेपाशी.

रकान्यात पेन्सिलीनं लिहिलंय :
बॉल वर धरला. एकदा.
प्राचार्य म्हणतील, म्हणजे हो का नाही?

आज सकाळी दारात उभा होता, चौकटीखाली मान घालून.
"सर, बूट चावतायत."
कुठले?
"तेराचे."