अकरावं लुगडं

दुर्गी तांडेल सुक्या बांगड्यांची पाटी घेऊन
कारवार गाडीनं यायची,
बाजार झाला की सरळ वडगावात, आमच्या मागाच्या खोलीत.
कापड डोळ्यांनी बघायची नाही.
अंगठा ओला करून काठ चोळायची, मग अंगठा बघायची.
रंग लागला नसला तर हसायची.

त्या वर्षी तिनं अकरा सांगितली.
हिरवी चौकडी, तांबडा काठ.
वाडीतल्या अकरा बायका जत्रेत एकसारख्या दिसायच्या होत्या.
विसार दिला तीनशे चाळीस.
नोटांना वास होता, म्हणून अप्पांनी त्या गल्ल्यात न टाकता
बॉबिनच्या डब्यात ठेवल्या.
हांव पुनवेक येतां, म्हणाली
आणि रिकामी पाटी डोक्यावर पालथी घालून गेली.

पुनवेच्या पाच दिवस आधी रात्री वीज गेली.
एवढंच झालं आमच्याकडे.
वारा जास्त होता. कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा वाजत होता.
अकराव्याचा पदर मागावर, अर्धा,
आणि अप्पा अंधारात केईबीला शिव्या घालत बसलेले.
आई म्हणाली, काय करूलाय अंधारात, निजा की.

सकाळी वीज आली. माग सुरू झाला.
दहाच्या सुमारास शेजारची बसव्वा रेडिओ ऐकून दारात आली:
कडल ऊरोळग बंतंत.
अप्पांना कानडी यायचं, आईला नाही.
आई विचारत राहिली,
कोण आलं? गावात कोण आलं?
अप्पांनी माग बंद केला.
समुद्र, म्हणाले.

मी दहा वर्षांची. समुद्र बघितलेला नव्हता.
पाणी म्हणजे नळाला आठ दिवसांनी येणारं,
घागरी रांगेत लावून
ज्याची वाट बघायची, ते.
ते न बोलावता येतं,
आतल्या खोलीपर्यंत येतं, हे मला पटेना.

पुनवेला अप्पा स्टँडवर गेले.
दुसऱ्या दिवशीही गेले.
कंडक्टरला वाडीचं नाव सांगितलं.
त्यानं अप्पांकडे बघितलं
आणि तिकिटांचे गठ्ठे मोजायला लागला.

दहा लुगडी विकली. खोटं कशाला सांगू.
सूत महागलं होतं, थोरलीचं लग्न ठरलं होतं.
पुढं एकदा अनगोळच्या बसमध्ये
एका बाईच्या अंगावर मी त्यातलं एक ओळखलं,
ती उतरेपर्यंत तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले.
अकरावं कुणी घेतलं नाही.
अप्पांनी ते त्याच दिवशी मागावरून कापलं होतं. पदर तोकडा,
आणि पदरात, रात्री माग थांबला तिथं, एक रेघ.
दिसत नाही सहसा. गिऱ्हाइकाचं बोट अडतं.

अप्पा गेल्यावर डबा आणि लुगडं माझ्याकडे आलं.
मग त्या एका श्रावणात, त्यालाही आता वर्षं झाली,
बळ्ळारी नाला आमच्या घरात शिरला.
ताणा भिजला, मोटार जळाली.
ट्रंक डोक्यावर धरून मी छातीभर पाण्यात उभी,
आणि मनात दुसरं काहीच नाही,
फक्त आईचा आवाज: कोण आलं? गावात कोण आलं?
आमचं पाणी चार दिवसांनी उतरलं.
गाळाला शेणाचा वास होता.
माणसं मोजली. सगळी होती.
पुन्हा मोजली.

कार्तिकात ते लुगडं मी उन्हात घालते.
सून म्हणते, अत्ती, ह्याचा छान ड्रेस होईल खरं.
नको म्हणते. का, ते मलाही नीट सांगता येत नाही.
डब्यातल्या नोटा अजून चालतात.
मी चालवत नाही.

घडी घालताना बोट रेघेपाशी येतं.
रेघेच्या अलीकडे दुर्गी पुनवेला येणार आहे.
पलीकडे चार विती कापड,
वीज आल्यावर विणलेलं,
बसव्वा दारात यायच्या आधी.