डावीकडची दोन्ही दारं

अकराशे चाळीस डॉलर, म्हणाला कोवाच,
आणि पेन्सिल परत कानावर खोचली.
पत्रा सरळ करायचा, लांबी भरायची, मग रंग.
आणि हा निळा आता कंपनी बनवत नाही,
जवळपासचा जुळवून घ्यावा लागेल.
बॉनेटकडे त्यानं पाहिलंच नाही. तिथं सतरा खड्डे, गारांचे,
त्या मे महिन्यात आमच्या अॅक्रनमधल्या
सगळ्याच गाड्यांना देवी आल्या होत्या.

शोरूमवाला फोनवर म्हणाला,
तशीच आणलीत तर चारशे कापू, फार तर पाचशे.
म्हणजे चार आण्याची कोंबडी.
मसाल्याचा हिशेब मृण्मयीनं सिएटलहून केला,
'आई, यात ठरवायचं काय? ही वजाबाकी आहे.'
शहाणी आहे. आकड्यांत बापावर गेली आहे.

तरी तीन दिवस तो कागद फ्रिजवर होता,
दूध, कोथिंबीर, गोळ्या, या यादीशेजारी.

मला बघायला आले होते तेव्हा मावशीनं
मला खिडकीकडे पाठ करून बसवलं.
उजव्या कोपरावर इस्त्रीचा चटका होता, पानाएवढा.
'विचारलंच तर जन्मखूण म्हण.'
अच्युतनं कपबशी घेता घेता विचारलं, 'भाजलं का?'
मी हो म्हटलं.
एवढंच. मग त्यानं चहा प्यायला, बशीत ओतून.

ओरखडा नोव्हेंबरचा आहे.
गॅरेजच्या चौकटीला घासत गेली गाडी,
कापडात कात्री चालावी तशी,
सावकाश, शेवटपर्यंत.
'चौकटच पुढे आली,' अच्युत म्हणाला, आणि आम्ही हसलो.
मी तर खूपच हसले. ते आता आठवतं.
इन्शुरन्सला सांगितलं, मी चालवत होते.
मृण्मयीलाही.

फेब्रुवारीत डॉक्टरनं चौकड्यांचा कागद पुढे केला,
गणिताच्या वहीत असतो तसा.
यातल्या कुठल्या रेघा वाकड्या दिसतात?
अच्युत पाहत राहिला. तेहेतीस वर्षं
रबराच्या कारखान्यात मापं तपासलेला माणूस.
'सगळ्या सरळच असणार,' म्हणाला.
दिसतात, असं नाही म्हणाला.

अकराशे चाळीसमध्ये नोव्हेंबर भरून निघतो का,
एवढंच मला विचारायचं होतं.
कोवाचला ते कसं विचारणार.
तो बिचारा पत्र्याचा माणूस.

शनिवारी गाडी धुतली. रस्त्यावरचं मीठ निघालं
आणि ओरखडा उलट उजळून आला.
तशीच नेली.
शोरूममधला ब्रेडन, वय बावीस असेल, शर्टाची घडी अजून न मोडलेली,
गाडीभोवती फिरला, गुडघ्यावर बसला.
'हे कसं झालं?'
मी तोंड उघडलं. मी चालवत होते,
हे आता पाठच झालंय.
'मी,' अच्युत म्हणाला. आधी मराठीत.
मग त्या मुलाला कळेल असं, 'मी केलं. मला चौकट दिसली नाही.'

पोरगा 'ओके' म्हणाला. टॅब्लेटवर बोट टेकवलं.
त्याला काय फरक पडणार होता.
साडेचारशे कापले.
अच्युतनं मात्र पुढून मागे हात फिरवला
दोन्ही दारांवरून, माप घेत असल्यासारखा,
कडेपाशी जरा थांबला.
'बराच लांब गेलाय की,' म्हणाला,
आणि माझं कोपर धरून आत आला.

नवी गाडी लहान आहे, राखाडी.
सीट पार पुढे ओढून घेतली.
घरी आत घालताना दोनदा थांबले,
उतरून पाहिलं.
गॅरेजच्या चौकटीवर, कमरेच्या उंचीला,
तो निळा अजून आहे,
कंपनी आता बनवत नाही तो.