मासा उलटवू नये

लग्नानंतर पहिला महिना सासरी राहिले, माझगावात,
दुसऱ्या मजल्यावर. खाली लेथचा कारखाना,
वर दाराच्या चौकटीला लाल कागद,
उन्हानं गुलाबी पडलेला.
आईनं फोनवर विचारलं, सासूक काय म्हणतस?
मी म्हटलं, नाइनाइ.
"नाय कित्या? कायतरी तर म्हणत आसतलस!"

गॅलरीतल्या दोरीवर नाइनाइ सॉसेज वाळत घालायच्या.
दोरीच्या उरलेल्या टोकाला
मी वेंगुर्ल्याचे खारे बांगडे ओवून टांगले.
त्यांनी जवळ येऊन वास घेतला.
दुसऱ्या दिवशी बघते तर सॉसेज एका अंगाला सरकवलेले,
मधोमध जागा.
त्यांचं हिंदी कलकत्त्याचं, माझं दूरदर्शनचं.
आमचं बोलणं बहुतेक भांड्यांतूनच व्हायचं.

पहिल्या रविवारी वाफवलेला जिताडा,
वर आल्याचे केस, अख्खा, डोक्यासकट,
डोळा माझ्याकडे.
वरची बाजू संपली तसा मी
घरच्या सवयीनं
चमच्यानं उलटवला.

पाच जणांच्या काड्या हवेत थांबल्या.
मिंग माझ्याकडे बघेना.
सासऱ्यांनी घसा खाकरला.
त्यांची मराठी गोदीतल्या सुतारांची,
प्रत्येक वाक्यात एक शिवी खुंटीसारखी ठोकलेली.
माझ्यासाठी ती गिळून म्हणाले,
"पोरी, मासा पालथा केला की बोट पालथी होते."

मी तांडेलाची मुलगी.
आम्ही वल्हं ओलांडत नाही,
होडीला पाय लावला तर हात जोडतो.
हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
आजोबांची होडी गेली त्या दिवशी
घरात कुणी काय उलटवलं होतं,
आता कुणाला विचारायचं?

मे लागला. बिल्डिंगमधली बिऱ्हाडं
बोचकी बांधून गावी निघाली
आणि मी सहज विचारून बसले,
बाबा, तुमचं गाव कुठलं?
सासरे रंधा मारत होते. हात थांबला नाही.
"बापानं नाव सांगितलं होतं.
नदी, बांबू, एक दगडी पूल.
पण सांगताना तो रडायचा,
त्यामुळे नाव कधी नीट ऐकू आलं नाही."

एक लांब सालपट वळत वळत जमिनीवर पडलं.

"बासष्टला मी अठराचा.
दर सोमवारी चौकीत सही.
हवालदार म्हणायचा, गाव लिही.
मी लिहायचो, माझगाव.
अरे, तुझं गाव!
तेच तर लिहिलंय, साहेब."
हसले.
मग रंध्याचं पातं काढून
बराच वेळ पुसत बसले.

अजून ते सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालतात,
भांग पाडतात, बूट चढवतात
आणि खिडकीशी बसून राहतात.
त्या दिवशी नाइनाइ त्यांना
चहा हवा का, असं विचारत नाहीत.
नुसता आणून ठेवतात.

महिनाअखेर मी माहेरी निघाले. मिंगला रजा नव्हती.
सासऱ्यांनी एक लहानशी पेटी दिली,
कापराच्या लाकडाची, कोपरे खिळ्याशिवाय जोडलेले.
आत काही नव्हतं.
"रिकामी परत आणू नको," एवढंच म्हणाले.
गाडीत रात्रभर मी ती मांडीवर धरून बसले,
उघडून उघडून वास घेत.

वेंगुर्ल्यात आईनं सरंगा केला होता, अख्खा,
तिरफळं घालून.
वरची बाजू संपली.
मी शेपटीकडून काटा धरला,
हळूहळू उचलला, शिवण उसवावी तसा,
आणि खालचं बोटांनी घेऊ लागले.
आई बघत होती.
"गे, उलटव मगे!"
मी म्हटलं, नाय, नाय.

बाबा तेव्हा समुद्रात होते.