वजनाशिवाय

पहाटे अडीचला शहापूरच्या कोपऱ्यावर
पाच माणसं, तीन दुर्बिणी,
आल्याच्या वड्यांची एक पुडी.
दोघं पुढं, तिघं मागं ताडपत्रीखाली
माझ्या बर्फाच्या रिकाम्या खोक्यांवर.
वेंगुर्ल्याला जाताना टेम्पो तसाही मोकळाच असतोय.
हुद्दार मॅडमनी विचारलं, दर रविवारी नेशील काय,
दसऱ्यापासून नाताळपर्यंत?

शिनोळीला पाट्यांची अक्षरं बदलतात,
पाटणे फाट्याला चहा,
आंबोलीत वायपर.
पहिल्या फेरीला मी विचारलं, मासे बघायला काय?
म्हणाल्या, पाखरं. आणि नशीब असलं तर मोरी.
मला हसूच आलं.
मोरी बघायला समुद्रात कशाला,
मी रोज आणतो की.
बर्फात आडव्या, करड्या,
हात उलटा फिरवला तर पॉलिश पेपर.
कॅम्पात गिऱ्हाईक बरं आहे तिला,
बाळंतिणीला देतात.

चार रविवार मी जेटीवर टेम्पोतच झोपलो.
संध्याकाळी ती माणसं यायची
भुवयांवर मीठ घेऊन,
आणि वहीत:
सुरय बावीस,
वादळी पाखरू एक,
बूबी, पुढं प्रश्नचिन्ह.
त्या प्रश्नचिन्हावरून
आंबोलीपासून हिंडलग्यापर्यंत भांडण,
मराठीत सुरू, कन्नडमध्ये संपलेलं.
त्यांच्या पायाशी खोक्यात चार मोऱ्या.
वहीत मोरी: शून्य.

पाचव्या रविवारी बसलिंगला ताप.
पैसे भरलेले, जागा रिकामी.
बस्त्याव, चल.

किनारा नखाएवढा झाला, मग नव्हताच.
मॅडम म्हणाल्या, पाखरांना सीमा...
पुढचं वाक्य उलटीत गेलं.
बाबलनं इंजिन बंद केलं.
पाण्यावर पाय आपटत चालत होतं
काळं, चिमणीहून जरासं मोठं काहीतरी.
जमिनीवर हे अंडी घालायलाच येतं म्हणे.
मला माझं घर आठवलं,
तिथं मी झोपायला जातो.

मग डाव्या अंगाला
पाणी एका जागी जास्त गडद झालं,
आणि तो गडदपणा वळला.
मला ओळखू आली नाही.
चोवीस वर्षं जिला कल्ल्यात बोट घालून उचललं
तिची शेपटी हलताना
कधी बघितलीच नव्हती.
घाई नव्हती तिला.
बाजारात डोळा पांढरट असतो,
इथं त्यात काहीतरी चालू होतं.

केवढी असेल? मॅडमनी वही उघडली.
माझ्या तोंडून गेलं: अकरा किलो.
बोट हसली.
लांबी विचारत होत्या त्या.
मी हात पसरून दाखवले,
खरं ती खाली गेल्यावरसुद्धा
ते मिटायचं सुचलं नाही.

सोमवारी पहाटे चारला कॅम्पात
सुरमई, बांगडा, मोऱ्या तीन.
तोच काटा, तीच घासाघीस.
धंदा काही मी सोडला नाही.
फक्त शकिलाबी म्हणाली, केवढी आहे रे?
तेव्हा मी वीत लावली शेपटीपासून.
सव्वापाच.
तिनं अशी नजर टाकली
जशी मी काट्यातच काहीतरी केलंय.

घरी मार्थानं शर्ट दोरीवरून काढून दाखवला,
खांद्यावर पांढरा डाग, दोनदा धुऊनही.
म्हणाली, कसला हा?
पाखराचा, म्हटलं. राहू दे.
कुठल्या पाखराचा ते अजून ठरलेलं नाही.